उलटं जायचं नसतं

आमच्या बोटीवरचे सगळे नियम मी केलेले आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या नवऱ्याला दोष द्यायला नको. तो बिचारा लोकांच्या लाकडी बोटी दुरुस्त करतो, म्हणून बंदरात सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. मीही म्हणते. त्याच्या हाताला कला आहे, पण शिस्तीच्या नावाने आनंदीआनंद.

बोट शिडाची, चौतीस फुटी, आणि आम्ही बारा महिने तिच्यातच राहतो. मधोमध केबिन. तिच्यात शेगडी, टेबल, झोपायच्या फळ्या आणि माझं शिडं शिवायचं मशीन, एवढा संसार. केबिनच्या दोन्ही अंगांनी डेकची अरुंद पट्टी जाते. अरुंद म्हणजे किती, तर दोन माणसं समोरासमोर आली की एकाने माघार घ्यायची किंवा पाण्यात जायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी गरम चहा घेऊन पुढे निघाले, मिस्त्री रंगाचा डबा घेऊन मागे निघाला. चहा त्याच्या पोटावर, रंग माझ्या पायांवर आणि माझा नवा चष्मा समुद्राच्या तळाशी. त्या दिवशी मी नियम केला. या बोटीवर वाहतूक एकाच दिशेने. डाव्या पट्टीने पुढे जायचं, उजव्या पट्टीने मागे यायचं. उजवा हात कायम केबिनच्या दांड्यावर. काही विसरलं तरी मागे वळायचं नाही, पूर्ण फेरी मारून यायचं.

"म्हणजे घाण्याचा बैल," मिस्त्री म्हणाला.

"बैलाला चष्मा नसतो," मी म्हटलं, आणि विषय संपला.

खारू झाल्यावर नियम आणखी कडक झाला. खारू आमची मुलगी. सरकायला लागली तेव्हापासून दिसेल त्यावर चढते, म्हणून हे नाव. तिच्या अंगावर पट्टा, पट्ट्याला आखूड दोर, आणि दोराची कडी केबिनभोवती ताणलेल्या तारेत अडकवलेली. आमचेही दोर त्याच तारेत. कुणी उलटं आलं की तिघांची गाठोडी होणार. मिस्त्रीने तिच्या उंचीला एक बुटका दांडा बसवून दिला. तेराव्या महिन्यात तिने पहिलं पाऊल टाकलं ते तिथे, तो दांडा धरून. "हात दांड्यावर, अंग आत," हे मी तिला दिवसातून शंभरदा सांगायचे. अडीच वर्षांची होईतो ती अशी तरबेज झाली, की मी सुईत दोरा ओवेपर्यंत तिच्या तीन फेऱ्या होत. मला फार अभिमान होता. माझी मुलगी कधी एकदाही पाण्यात पडली नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचे.

जमिनीवर ती फारशी चाललीच नव्हती. आम्ही कायम नांगर टाकून असायचो. किनाऱ्याला जायचं ते छोट्या होडीतून, आणि बाजारात जायचं ते बापाच्या खांद्यावरून. कधी वाळूत सोडायचो, पण वाळूत कोण सरळ चालतं?

मग मिस्त्रीला एका मोठ्या बोटीचं काम मिळालं आणि आम्ही येऊन धक्क्याला लागलो. पहिल्याच रविवारी नणंदबाई भेटायला आल्या. त्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत, नजर पक्की. धक्का लाकडी फळ्यांचा, लांबलचक, सपाट, कठडा नसलेला. "येऊ दे तिला चालत माझ्याकडे," त्या लांबून म्हणाल्या. मी खारूचा दोर सोडला.

ती निघाली. उजवा हात कोपरात दुमडून खांद्याशी वर धरलेला. अंग उजवीकडे कललेलं. उजवा गुडघा वाकलेला, डावा पाय फटफट आपटत. आणि सरळ येण्याऐवजी ती उजवीकडे उजवीकडे सरकत चालली होती, धक्क्याच्या कडेला. नणंदबाई धावल्या आणि तिला उचललं.

त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, उघडला, मिटला. मग मला हळूच विचारलं, "ही कधीपासून अशी चालते?"

"अशी म्हणजे?"

"वहिनी, हात आणि पाय एकाच बाजूचे वाकडे पडताहेत. मी घाबरवत नाही तुला. पण मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ."

घाबरवत नाही म्हणणाऱ्या माणसाइतकं कुणी घाबरवत नाही. गुरुवारची वेळ मिळाली. मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शिवायला बसले तरी शिवण वाकडी. मी खारूला उजव्या हातात चमचा दिला, तिने खाल्लं. चेंडू दिला, फेकला. बोटीवर सोडली, तर दांडा धरून वाऱ्यासारखी फिरली. पुन्हा धक्क्यावर उतरवली, की हात वर, पाय वाकडा. हात चालतो तर चालताना त्याला काय होतं? मी फोनवर वाचत बसायचे आणि वाचून वाचून अर्धी व्हायचे. शेवटी मिस्त्रीने फोन काढून घेतला, तर मी त्याच्यावरच घसरले.

"तुझ्या हौसेपायी पाण्यावर राहिलो. चार भिंतींच्या घरात असतो तर वर्षापूर्वीच कळलं असतं."

एरवी तो उलट बोलला असता. या वेळी नुसतं म्हणाला, "तसंच काही असलं तर बोट विकू. दवाखान्याजवळ खोली घेऊ."

ही बोट त्याने सांगाड्यापासून उभी केली आहे. त्याने इतक्या सहज ते म्हटलं, तेव्हा मला कळलं की तोही रविवारपासून झोपलेला नाही.

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. खोलीच्या मधोमध तपासायचं उंच टेबल, बाजूला त्यांचं लिहायचं टेबल, दोन खुर्च्या. त्यांनी खारूला झोपवून गुडघ्यांवर छोटी हातोडी मारली, स्वतःची बोटं ओढायला लावली, तळपायाला गुदगुल्या केल्या. "ताकद दोन्हीकडे सारखी आहे," त्या म्हणाल्या. मी श्वास सोडणार, तेवढ्यात त्यांनी तिला दारापर्यंत चालवलं. हात वर, पाय वाकडा. परत चालवलं. मग लिहायला बसल्या.

"मेंदूचा स्कॅन करून घेऊ. लहान आहे, झोपेचं औषध द्यावं लागेल. तारीख विचारते." आणि त्यांनी फोन लावला.

माझे कान बंद झाल्यासारखे झाले. खारूला काय त्याचं? मी हात सोडल्याबरोबर ती तपासायच्या टेबलाशी गेली. टेबलाला कडेने लोखंडी दांडा होता, बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीचा. तिने उजव्या हाताने तो धरला आणि फेऱ्या सुरू केल्या.

"खारू, थांब," मिस्त्री कुजबुजला आणि तिला धरायला उठला. ती पळाली. तो तिच्या मागे. एक फेरी झाली, दुसरी झाली. अडीच वर्षांची पोर दांड्याच्या आधाराने काय पळते म्हणून सांगू. तो धिप्पाड माणूस वाकून मागे मागे, हाती काही लागेना. आता डॉक्टरीणबाई ओरडतील म्हणून मीही उठले आणि त्याच्या मागून निघाले. पुढे खारू, मग मिस्त्री, मग मी, अशी आमची वरात टेबलाभोवती फिरायला लागली. तिघांचेही उजवे हात दांड्यावर.

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली ठेवला. चष्मा कपाळावर सरकवला.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणी समोरून का अडवत नाही तिला?"

मी चालता चालताच उत्तर दिलं, "छे, उलटं जायचं नसतं."

आणि मी जे बोलले ते माझ्याच कानांवर पडलं. मी थांबले. मिस्त्री थांबला. खारू तिची फेरी पूर्ण करून मागून येऊन माझ्या पायांवर आदळली.

"कुठे जायचं नसतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. बोट, चहा, चष्मा, दांडा, तार, दोर. डेकची पट्टी पाणी वाहून जावं म्हणून बाहेरच्या अंगाला उतरती असते, त्यामुळे आतला पाय नेहमी उंचावर पडतो, हे मिस्त्रीने मध्येच हात तिरपा धरून दाखवलं. दोर कायम उजवीकडून ओढतो, हेही त्यानेच सांगितलं. डॉक्टरीणबाई अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि ही चालायला शिकली ती या पट्टीवरच? कायम त्याच दिशेने?"

"कायम," मी म्हटलं. "मी उलटं जाऊच दिलं नाही."

"मग आता जाऊ द्या."

खारूला टेबलाशी उलट्या तोंडाने उभी केली, डावा हात दांड्यावर ठेवला. ती हलेना. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई ओरडते."

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "नाही ओरडणार, बाळा. आज चालतं. आज उलटंच जायचं."

तिने माझी चांगली परीक्षा घेऊन मग एक पाऊल टाकलं. अडखळली. दुसरं टाकलं. चौथ्या पावलाला डावा हात दांड्यावर नीट बसला, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर वळताना तिचा उजवा हात खाली आला. नुसता आला नाही, कुठल्याही मुलाचा हलतो तसा पुढेमागे हलायला लागला. उजवा गुडघाही सरळ झाला. डॉक्टरीणबाई खुर्चीतून पुढे वाकून बघत होत्या. त्यांनी तिला आणखी तीन फेऱ्या मारायला लावल्या.

"मेंदूला सवय लागली आहे, दुखणं नाही," त्या म्हणाल्या. "असं मला आत्ता तरी वाटतं. आजार असता तर हात असा सुटला नसता. स्कॅन थांबवू. महिनाभर उलट्या दिशेने फिरवा, रोज सपाट जमिनीवर मोकळं चालवा आणि मग घेऊन या. फरक पडला नाही तर पुढचं बघू." मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पंचवीस वर्षांत माझ्या टेबलाला इतक्या प्रदक्षिणा कुणी घातल्या नव्हत्या."

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर व्हरांड्यात येऊन मी बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. मिस्त्रीने खारूला खांद्यावर घेतलं, मग आठवून खाली उतरवलं. मी डोळे पुसत त्याला म्हटलं, "बोल आता. काय बोलायचं ते बोल."

"मी कशाला बोलू?" तो म्हणाला. "बैलाने बोलायचं नसतं."

चार दिवसांत पहिल्यांदा मी हसले.

बोटीवर आल्यावर मी नवा नियम जाहीर केला. आजपासून वाहतूक उलटी. दोन दिवस नुसता गोंधळ. मिस्त्री सवयीने जुन्या दिशेने निघायचा, मी हट्टाने समोरून यायचे, दोर अडकायचे, आणि खारू मध्ये उभी राहून दोघांना दटावायची. तिसऱ्या दिवशी तिला उलटं इतकं आवडलं, की कुणी सुलटं निघालं की ती ओरडायची. हिचं नाक, डोळे बापाचे, पण पोलीसगिरी माझी. रोज संध्याकाळी आम्ही तिला धक्क्यावर न्यायचो. तो बाहेरच्या कडेने, मी आतल्या, आणि ती मध्ये मोकळी.

पहिला आठवडा काही दिसेना. मी रोज बघायचे आणि रोज मला वाटायचं, डॉक्टरीणबाई चुकल्या. दुसऱ्या आठवड्यात हात खांद्यावरून छातीपर्यंत आला. मग पोटापर्यंत. मिस्त्री सुताराच्या नजरेने रोज आकडा सांगायचा, आज दोन इंच खाली, आज तीन. मी त्याला गप्प करायचे आणि मनातल्या मनात मोजायचे.

महिना भरायला दोन दिवस असताना नणंदबाई पुन्हा आल्या आणि धक्क्याच्या त्या टोकाला उभ्या राहिल्या. खारूने त्यांना पाहिलं आणि ती सुटली. दोन्ही हात हलवत, दोन्ही पाय सारखे टाकत, अगदी मधल्या फळीवरून, सरळ. नणंदबाईंनी खाली बसून हात पसरले. मला पळायचंही सुचेना, मी तिच्या मागून नुसती चालत होते आणि समोरचं सगळं पाण्यातून दिसत होतं.

अर्ध्या वाटेत ती थांबली. वळून माझ्याकडे नीट बघितलं. मग परत माझ्याजवळ आली, कोपरात दुमडून वर राहिलेला माझा उजवा हात दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून खाली ओढला.

"आई," ती म्हणाली, "इथे दांडा नाहीये."