कारखान्यातून निघाली तशी

मडगार्डाच्या आतल्या बाजूला लेननं काळ्या रंगाचा सुरेख, गुळगुळीत हात दिला होता. तो वाळल्यावर आता गाडीखाली उताणा पडून तो त्यावर त्याच रंगाचे ओघळ सोडत होता. मुद्दाम. एका हातात बारीक ब्रश, दुसऱ्या हातात पुस्तकातून फाडलेला फोटो. ओघळ तीन, त्यातला मधला लांब.

"मधला थोडा डावीकडे गेलाय का गं?" त्यानं विचारलं.

बर्निस धुतलेल्या टॉवेलांची टोपली कमरेवर घेऊन गॅरेजच्या दारात उभी होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं एकदाच स्वयंपाकघराची खिडकी रंगवली होती आणि चौकटीवर एक थेंब ओघळला होता. तो थेंब या माणसानं घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला होता.

"मला काय विचारतोस? पुस्तकाला विचार."

"पुस्तकात डावीकडेच आहे," लेन खालून म्हणाला. टोमणा त्याला लागलाच नाही.

गाडी १९७० सालची बॅजर. दोन दारांची, गडद हिरवी, आणि इंजिन असं की सुरू केली की शेजारच्यांच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. गाडी बर्निसची. डेट्रॉईटच्या कडेला ज्या कारखान्यात ती बनली, तिथंच सीटच्या खात्यात बर्निस खोळी शिवायची, आणि बाविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून तिनं ती घेतली होती. तेरा वर्षं चालवली. मग तळाला गंज चढला, आणि पंचवीस वर्षं ती ताडपत्रीखाली पडून राहिली.

लेन टपाल खात्यातून निवृत्त झाला. आठवडाभर झोपला. आठव्या दिवशी उठून त्यानं ताडपत्री ओढली, आणि तेव्हापासून दोन वर्षं या घरात 'मूळ' हा एकच शब्द नांदत होता. मूळ स्क्रू. मूळ वायरी. मूळ रंग. दर जुलैला जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या क्लबाचं प्रदर्शन भरायचं. तिथं सगळ्यात चकचकीत गाडीला बक्षीस नव्हतं. ज्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती, अगदी तशी असेल तिला निळी फीत. कारखान्यात घाईत ओघळ आला असेल तर ओघळ हवा. ओघळ नसला तर गाडी कारखान्यापेक्षा चांगली झाली म्हणून गुण कापायचे. बर्निसनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, लेन चेष्टा करतोय. लेननं आयुष्यात चेष्टा केली नव्हती.

हे सगळं ती सोसत होती. भांडण होतं ते सीटवरून.

तिच्या गाडीच्या सीटा पांढऱ्या होत्या. बहात्तर साली, लेनची ओळख व्हायच्या आधीच, तिच्या मेव्हण्याला गाड्यांच्या खोळी शिवायचं खूळ लागलं, त्यात त्यानं सीटा आणि दारांच्या आतल्या बाजूसुद्धा तपकिरी करून टाकल्या, आणि पांढरं सगळं कचऱ्यात गेलं. घरात एकच जुना फोटो होता. त्यात बर्निस गाडीला टेकून उभी, केस वाऱ्यावर, आणि खिडकीच्या काचेत नुसतं आभाळ. सीटचा पत्ता नाही.

आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत लेनला तो कागद सापडला. गाडी बनवताना तिच्याबरोबर फिरायचा तो, कुठला भाग कुठल्या रंगाचा लावायचा ते सांगणारा. कागद पिवळा पडलेला. गाडीचा नंबर असलेला कोपरा उंदरांनी खाल्लेला. पण त्यावर स्वच्छ छापलं होतं: आतलं कापड, काळं.

"मी त्या गाडीत तेरा वर्षं बसले, लेन."

"माणसाच्या डोक्याचा भरवसा नसतो गं. माझ्या आईला शेवटी मी माझाच काका वाटायचो."

"मी तुझी आई नाही. आणि मला तू काका वाटत नाहीस. मला तू गाढव वाटतोस."

"कागदावर लिहिलंय," लेन शांतपणे म्हणाला. चौतीस वर्षं त्यानं दारोदार टपाल वाटलं होतं. लिफाफ्यावर लिहिलंय ते खरं, बाकी लोक काहीही सांगतात, हा त्याचा धर्म होता.

त्यानं काळ्या खोळी मागवल्या. त्यांचं खोकं आलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलं. तीन आठवडे दोघं त्या खोक्याच्या दोन बाजूंना बसून सूप पीत होते.

लेनला कळत नव्हतं, आणि बर्निसला धड सांगता येत नव्हतं, की गोष्ट कापडाची नव्हती. सत्तर साली सगळ्यांनी तिला काळं घे म्हणून सांगितलं होतं. वडिलांनी सांगितलं, मळ दिसत नाही. विक्रेत्यानं सांगितलं, पोरीबाळींना काळं बरं. धर्मगुरूंनीसुद्धा, त्यांना कुणी विचारलं नसताना, मत दिलं होतं. तिनं पांढरं घेतलं. कुणालाही न विचारता केलेली ती तिच्या आयुष्यातली पहिली गोष्ट. आता तिचाच नवरा ती पुसून टाकत होता, आणि वर तिलाच सांगत होता की असं काही झालंच नव्हतं.

शनिवारी सकाळी हॉलिस प्रुइट आले. हे क्लबाचे मुख्य परीक्षक. प्रदर्शनाच्या आधी एकदा नजर टाकून जा म्हणून लेननं त्यांना तीन पत्रं लिहिली होती. उंच, बारीक, इस्त्रीचा शर्ट, खिशात छोटा टॉर्च आणि दांडीला लावलेला आरसा, दंतवैद्याचा असतो तसा. गाडीभोवती तासभर फिरले. मग गुडघ्यावर बसून आरसा मडगार्डाच्या आत घातला.

"काय ओघळ आहेत, लेनर्ड," ते हळूच म्हणाले.

लेन लाजला. इतका तो लग्नातसुद्धा लाजला नव्हता, बर्निसला पक्कं आठवत होतं. अर्थात तिच्या आठवणीला या घरात किंमत नव्हती.

कॉफी आणि खसखशीचा रोल घेऊन ती बाहेर आली तेव्हा दोघं सीटच्या उघड्या सांगाड्यापाशी उभे होते. कागद लेननं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन्ही हातांनी धरला होता.

"काळं," प्रुइट म्हणाले. "शंकाच नाही. स्प्रिंगांत सापडलेला कागद म्हणजे गाडीचा जन्मदाखला."

"गाडी पांढरी होती. आतून," बर्निस म्हणाली.

प्रुइट अदबीनं हसले. "फिकट कापडाचं काम फार नाजूक असायचं, मिसेस नोव्हिट्स्की. शिवणखात्यातल्या मुलींना त्यासाठी पांढरे सुती हातमोजे देत."

"कुठल्या मुलींना?"

"कारखान्यातल्या. माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे, पान एकशे बारा."

"मिस्टर प्रुइट, त्या मुलींतली एक मी होते."

"हो का? वा." ते खरंच खूश झाले. "मग तुम्हाला ते हातमोजे आठवत असतील."

बर्निसनं रोलाची ताटली गाडीच्या टपावर ठेवली. लेननं ती चटकन उचलली आणि खालचा रंग बाहीनं पुसला.

"हातमोजे नव्हते," ती म्हणाली. "एक साबण होता, वाळूसारखा. आणि त्या कागदाचं सांगते. तो यायचा आकड्याला अडकवलेला. सीट झाली की त्याचं काम संपलं. जमिनीवर पडलेला दिसला तर मुकादम बोंबलायचा, आणि कचऱ्याचा डबा होता चाळीस पावलांवर. मग समोर जी सीट असेल तिच्यात कोंबायचा. झाला तुमचा जन्मदाखला."

"असं सांगणारे बरेच भेटतात," प्रुइट म्हणाले. "पुरावा मात्र कुणाकडे नसतो."

लेन कागदाकडे बघत होता. तिच्याकडे नाही. बर्निसला वाटलं, हातातली किटली या दोघांच्या डोक्यावर रिकामी करावी, आधी पाहुण्याच्या. त्याऐवजी ती आत गेली, फोन घेऊन आली आणि डोलोरिसला लावला. डोलोरिस शिवणाच्या टेबलावर तिच्या शेजारी बसायची. आता लेकीकडे टोलीडोला होती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"डोलोरिस, तुझा आवाज सगळ्यांना ऐकू येतोय. इथं पुरुषमाणसं आहेत."

"मग काय, शिव्या बंद?"

"माझी बॅजर आठवते? हिरवी?"

"न आठवायला काय झालं? त्या गाडीपायी माझी चामडी सोलली होती."

प्रुइटनी टॉर्च बंद केला.

"तुझा कागद आमच्या टेबलाकडे आला," डोलोरिस सांगू लागली, "आणि तू म्हणालीस, हात धुतल्याशिवाय माझ्या पांढऱ्याला कुणी शिवायचं नाही. आम्ही सहाजणी. त्या दळभद्री साबणानं. गाड्यांची अख्खी लाइन चार मिनिटं उभी. मुकादमाच्या तोंडून जे निघालं ते या वयात मला सांगवत नाही. आणि एवढं करून बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्यावर मोहरीचा सॉस सांडला."

"सॉस उशिरा सांडला," बर्निस म्हणाली. "आणि कागदाचं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"माझ्या गाडीच्या."

"तो तूच नेलास की. ब्लाउजमध्ये घातलास, आईला दाखवायला. कागद गेला कुठं म्हणून मुकादम माझ्याच हाताकडे बघत होता, म्हणून मी पुढच्या गाडीचा घेतला आणि तुझ्या सीटमध्ये ढकलला. का, आता चौकशी लागली का माझ्यावर?"

बर्निसला आठवलं. ब्लाउज. खरंच की. घामानं ओला झालेला तो कागद तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला होता. आईनं तो उलटसुलट बघितला, पोलिश सोडून तिला दुसरं काही वाचता येत नव्हतं, आणि "चांगला जाड आहे" म्हणून त्यावर शेवया वाळत घातल्या होत्या. मग तो चुलीत गेला असणार. तीन आठवडे ती या माणसाला मनातून शिव्या घालत होती, आणि त्याला हवा असलेला पुरावा तिनंच चोरून शेवयांखाली घातला होता. आता शिव्या कुणाला घालायच्या, हाही प्रश्नच.

डोलोरिसनं फोन ठेवला. मग लेननं घसा साफ केला.

"म्हणजे पत्ता बरोबर होता," तो सावकाश म्हणाला. "पेटी चुकली."

"काय म्हणालात?" प्रुइटनी विचारलं.

"व्हायचं असं. पत्र शेजाऱ्याच्या पेटीत पडायचं. आणि शेजारी ते हातात धरून मला सांगायचा, माझ्या पेटीत आलं, म्हणजे माझंच." लेननं प्लास्टिकची पिशवी उलटी करून पाहिली. "हे दुसऱ्याचं टपाल आहे, हॉलिस."

"मला व्यक्तिशः पटतंय," प्रुइट म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "पण माझ्या तक्त्यात कागदाला रकाना आहे. मैत्रिणीला नाही. पांढऱ्या सीटा लावल्यात तर बारा गुण जाणार. दारांच्या आतल्या बाजूंचे आठ. निळी फीत विसरा."

"आणि हे सगळं न सांगता काळं लावलं तर?"

"तर फीत तुमची, लेनर्ड. डोळे मिटून."

प्रुइट गेले. जाताना रोलाचे दोन तुकडे रुमालात बांधून घेऊन गेले. लेन रंगाच्या उलट्या डब्यावर बसला. दोन वर्षं त्यानं गंज खरवडला होता, त्याची पाठ कायमची गेली होती, आणि वाताच्या गोळ्या खिशात खुळखुळत होत्या.

"वीस गुण," तो म्हणाला. "वीस, बर्निस."

"मी काढून घेतले नाहीत."

"साबणाचं आधी का नाही सांगितलंस? चार मिनिटं लाइन थांबली, हे केवढं मोठं आहे. तीन आठवडे नुसती पांढरी, पांढरी."

"पांढरी होती म्हणून पांढरी म्हणत होते. मी म्हटलं एवढं पुरे नव्हतं?"

लेन उठला, ती धावून आधार देणार नाही हे बघून स्वतःच उठला, आणि घरात गेला. बर्निसला वाटलं, झालं, आता रुसून टीव्ही लावणार. ती कपबश्या गोळा करू लागली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड फरपटल्याचा. लेन काळ्या खोळींचं खोकं ओढत बाहेर आणत होता. उंबऱ्यावर ते अडकलं. त्यानं ढकललं, हिनं ओढलं, दोघांनी एकमेकांना उगीच सूचना दिल्या, आणि शेवटी ते गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन पडलं.

"सोमवारी परत पाठवतो," तो धापा टाकत म्हणाला. मग वरच्या खिशातून वही काढली. याच वहीत दोन वर्षांतला प्रत्येक मूळ स्क्रू लिहिला होता. त्यानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"पांढरं शिवायचं म्हणजे नीट शिवायला हवं. इंचाला टाके किती घालायचात?"

लग्नानंतर त्यानं तिला त्या कारखान्यातलं काही विचारलं, ही पहिली वेळ.

"वारावर होतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सोमवारी सात. शुक्रवारी जेवणानंतर पाच, तेही मिळाले तर."

"आणि तुझी कुठल्या वारी झाली?"

"शुक्रवारी."

लेननं एवढा लांब सुस्कारा सोडला की वहीचं पान उडालं. ते त्यानं अंगठ्यानं दाबलं, 'पाच' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"सरळ होते?"

"डोलोरिसच्या बाजूचे नव्हते."

"डोलोरिस कुठल्या बाजूला बसायची?"

बर्निसनं कपबश्या खाली ठेवल्या आणि सीटच्या सांगाड्याच्या उजव्या अंगाला वाकून बोट ठेवलं.