पासष्टावा ठोकळा

मी मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका लाल शाईने पकडायच्या, हे काम मी एकवीस वर्षं छापखान्याच्या पोटमाळ्यावर बसून करतोय. त्यामुळे जगात मला चुकाच तेवढ्या दिसतात. हॉटेलात गेलो तरी आधी मेनूकार्ड सुधारतो आणि मग मागवतो. बायको तोवर पाणी पिऊन पोट भरते.

ही नजर मी आमच्या गोटीवर रोखली आणि घोळ झाला. गोटी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं अकरा. कागदावरचं नाव चांगलं आहे, पण जन्मली तेव्हा ती इतकी गोल होती की गोटीच राहिली. आकड्यांचं तिला वेड. ते माझ्याकडून आलं असं मी चारचौघांत सांगतो. खरं सांगायचं तर तिची आई प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि मला सतराचा पाढा नीट येत नाही.

शहरात हुशार मुलांची एक निवडक शाळा आहे. तिथे प्रगत गणिताचा वेगळा वर्ग असतो, सातवीतच नववीचं गणित शिकवतात. जागा वीस, अर्ज नऊशे. आधी लेखी परीक्षा, मग तोंडी. साडूची मुलगी गेल्या वर्षी तिथे लागली. तेव्हापासून साडू दर दोन वाक्यांनंतर 'साहजिकच' म्हणतो. गोटीला तिथे जायचं होतं कारण तिथे म्हणे एकच गणित आठवडाभर उराशी धरून बसू देतात. मला तिला तिथे घालायचं होतं ते साडूसाठी.

तयारीचं पुस्तक आमच्याच छापखान्यातलं. गोटी गणित सोडवायची, मी मागची उत्तरं उघडून समोर बसायचो. मुलांना 'चूक' म्हणू नये असं मी कुठल्याशा पुस्तकाच्या प्रुफांत वाचलं होतं. म्हणून उत्तर जुळलं नाही की मी भुवई उडवून एवढंच विचारायचो, "नक्की?" जुळलं की पुढचं गणित. दोन महिन्यांत गोटी शिकली, की बाबाने 'नक्की?' म्हटलं की खोडरबर उचलायचा. मला वाटलं, काय शिस्त लावलीय आपण!

मग आलं एकशे बारावं गणित. चौसष्ट छोटे ठोकळे रचून एक मोठा ठोकळा केला, चार बाय चार बाय चार. त्याला सगळ्या बाजूंनी बाहेरून रंग दिला. किती छोट्या ठोकळ्यांना रंग लागला?

"छप्पन्न," गोटी म्हणाली. "आतले आठ कोरडे राहतात."

मी मागे बघितलं. पासष्ट. "नक्की?"

तिने खोडलं, पुन्हा केलं. छप्पन्न. "नक्की?" असं पाच वेळा झालं. कागदाला भोक पडलं.

"बाबा, तुला किती हवेत?"

"पुस्तकात पासष्ट आहेत."

"पण ठोकळेच चौसष्ट आहेत ना!"

आता इथे कुठल्याही शुद्धीवरच्या माणसाने थांबावं. पण प्रुफं तपासताना मजकुराच्या अर्थात शिरायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. अर्थात शिरलं की अक्षर निसटतं. मी म्हणालो, "छापलेलं आहे ते, गोटे. काहीतरी विचार करूनच छापलं असेल. बघ जरा डोकं लावून."

तिने डोकं लावलं. बराच वेळ पेन्सिल चावून म्हणाली, "रंगवताना एक ठोकळा तुटला असेल. दोन तुकडे झाले. आणि आतल्यांनाही रंग झिरपला. मग होतात पासष्ट."

"शाब्बास!" मी म्हणालो. हो, म्हणालो. स्वयंपाकघरातून बायकोने डोकं बाहेर काढून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा आत घेतलं.

लेखी परीक्षेत गोटी बाराव्या क्रमांकाने पास झाली. मी साडूला फोन करून दोनदा 'साहजिकच' म्हणून घेतलं.

तोंडी परीक्षेला पालकांना वर्गात मागे बसू देत होते, अट एकच, तोंड बंद. मी शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलो. फळ्यापाशी पिकल्या केसांच्या गणिताच्या बाई होत्या. त्यांनी ठोकळ्याचंच गणित घातलं, फक्त पाच बाय पाच बाय पाच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

गोटीने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. "अठ्ठ्याण्णव."

"नक्की?" बाई म्हणाल्या.

गोटीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं, पण भुवई सवयीने वर गेली. गोटीने डस्टर उचललं आणि अठ्ठ्याण्णव पुसून टाकले.

"एखादा तुटला असेल तर जास्त होतील," ती म्हणाली. मग अगदी शहाण्या मुलीसारखं विचारलं, "तुम्हाला किती हवेत, मॅडम?"

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या हसल्या नाहीत. नंतर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "उत्तर बरोबर असलं तरच मी 'नक्की?' विचारते. मूल आपल्या उत्तरापाशी उभं राहतं का, ते बघायचं असतं. हिचं डोकं चांगलं आहे हो. पण ती आकड्याकडे बघतच नाही, तोंडाकडे बघते. कोणी शिकवलं हे तिला?"

"शिकवणी होती एक," मी म्हणालो. खोटंही बोललो वर.

आठवड्याने पत्र आलं. शाळेत प्रवेश मिळाला, प्रगत गणिताच्या वर्गात नाही. हवं तर पुढच्या वर्षी पुन्हा तोंडी द्या. गोटीने पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाली, "मी चुकले ना." प्रश्नसुद्धा नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात त्या पुस्तकाची जुनी फाइल काढली. लेखकाच्या हस्तलिखितात स्वच्छ अक्षरात छप्पन्न होते. अक्षरजुळणीत आकडे उलटे पडले होते. त्या प्रुफाच्या पानाखाली लाल शाईत शेरा होता, 'वाचले, बरोबर', आणि सही होती. सही ओळखायला मला चष्मा लागला नाही. आमच्या घरातलं बाबावाक्य प्रमाण ते हेच.

ते पान मी घरी नेलं आणि गोटीपुढे ठेवलं. सगळं सांगितलं, शिकवणीच्या थापेसकट. मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं, आणि मी रडलो.

"म्हणजे माझं पहिलंच बरोबर होतं?"

"हो."

"आणि तो तुटलेला ठोकळा?"

"तुटलाच नव्हता गं."

ती चिडून म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, बाबा! लाकूड असं तुटत नाही." आणि दार आपटून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मला पटलंच.

महिन्याभराने त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. मी उत्तरांची प्रुफं घरी आणली आणि न बोलता तिच्या टेबलावर ठेवली. रविवारी सकाळी ती एक पान घेऊन आली. "एकशे चाळीसावं चुकलंय. बावीस नाही, चोवीस."

"नक्की?" तोंडातून निघून गेलं. जित्याची खोड.

गोटी हलली नाही. खोडरबर टेबलावरच होता, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "नक्की," ती म्हणाली. "पटत नसेल तर तू करून बघ."

मी केलं. पाऊण तास लागला, कागदाला भोक पडलं. चोवीसच होते. तिने माझं लाल पेन घेऊन बावीस खोडले, शेजारी चोवीस लिहिले आणि पान माझ्यापुढे सरकवलं. मी खाली सही केली. या वेळी वाचून.