बोटभर वायर

व्हॅक्यूम पंपाला घाई कळत नाही. तो आपल्या लयीत घरघरत होता आणि मी गच्चीवर त्याच्याभोवती फेऱ्या मारत होतो. उद्या दुपारी साडेबाराचा मुहूर्त, आज संध्याकाळी हळद, आणि खालून उज्ज्वलाताई दर दहा मिनिटांनी ओरडत होत्या, "रहीमभाई, झालं का?"

"पाइपातली हवा निघाल्याबिगर गॅस भरता येत न्हाई, ताई!"

घाटनांदूर रोडवरचं हे मंगल कार्यालय ताईंचं. हॉलमध्ये एसीची आठ युनिटं आणि त्या सगळ्यांना मिळून गच्चीवर एकच मोठं मशीन. त्यातल्या दोन कॉम्प्रेसरपैकी एक मागच्या आठवड्यात भर लग्नात जळाला. चारशे माणसं घामाने निथळली आणि ताईंची अब्रू गेली. लातूरहून नवा कॉम्प्रेसर आणून मी सकाळपासून बसवत होतो. जुन्यातलं तेल काळंकुट्ट झालेलं, त्याचा वास अजून हाताला होता. हे काम मला झोपेतही जमतं. जमत नव्हतं ते भिंतीवरच्या पॅनलकडे बघणं.

पॅनलमध्ये एक रिले असतो. व्होल्टेज कमी असलं किंवा तीन फेजच्या वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या, तर कॉम्प्रेसर उलटा फिरून जळतो, म्हणून मशीन चालूच होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. फेब्रुवारीत एका लग्नात वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळी रिलेने मशीन अडवलं. वरबाप तोंडाला येईल ते बोलायला लागला. माझं डोकं आधीच तापट. मी बोटभर लाल वायर घेतली, रिलेच्या दोन टोकांना जोडली आणि त्याला बाजूला टाकलं; आता तो मशीन अडवू शकत नव्हता. एसी चालू झाले, माझी वाहवा झाली. सोमवारी येऊन वायर काढू म्हटलं. त्यानंतर दहा सोमवार गेले.

"भाई, च्या घ्या." सुग्रीव जिना चढून आला. कार्यालयाचा जनरेटर हाच बघायचा. मूळचा शिरूर कासारचा. चार वर्षांपूर्वी ऊसतोड सोडून इथे लागला. त्याची बायको बबिता इथेच झाडलोट करते, पोरगी इथल्याच शाळेत पाचवीला. ताईंनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"लई नुकसान केलं मी," तो म्हणाला. "त्या दिवशी आपला बंद व्हता म्हनून भाड्याचा जनरेटर आणलता. वायरी उलट्या जोडल्या गेल्या."

मी चहाचा कप घेतला.

"त्या दिवशी तुमाला फोन केलता ना. म्हनलं, भाई, वायरी जोडल्यात, येऊन बघता का एकदा? तुमी म्हनलात, उलट्या असल्या तर रिले मशीन चालूच करत न्हाई, भिऊ नको बे. रिले बी खराब निघाला, माझं नशीब." तो हसला. "ताईला फोनचं सांगितलं न्हाई मी. तुमचं नाव कावून घेऊ? दिवाळीत मुकादमाकडं नाव देतो परत. पोरीची शाळा तेवढी सुटंल."

मी कप कठड्यावर ठेवला. तो फोन आला तेव्हा मी युसूफ वडगावला एका कामावर होतो, वैतागलेलो. वायर तेव्हा आठवली नव्हती, अल्लाची शपथ. पण कॉम्प्रेसर जळाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात आधी तीच आठवली. तरी मी येऊन ताईंना एवढंच सांगितलं, "फेज उलटे लागले होते." ते खरं होतं. अर्धं.

सुग्रीव खाली गेला. पंपाच्या मीटरचा काटा उतरला, तासभर हलला नाही, म्हणजे हवा निघाली; मी वजन करून गॅस भरला. मग वीज बंद करून पॅनल उघडलं, लाल वायर काढली आणि खिशात टाकली. कुणी पाहिलं नाही. आता बटण दाबायचं आणि घरी जायचं. मी पाने पिशवीत भरले, परत काढले, परत भरले. स्वतःचीच इतकी चीड कधी आली नव्हती.

कठड्यावरून वाकून ओरडलो, "ताई, वर या! सुग्रीव, जनरेटर बंद हाय तोवर दोन वायरी उलट्या कर. त्या दिवशीसारख्या!"

"डोकं फिरलं का तुमचं?" ताई धापा टाकत वर आल्या. "आजच आणलेला जाळता का?"

"जळला तर माझ्या पदरचा दुसरा बसवतो. कर रे!"

खाली सुग्रीवने दोन वायरींची अदलाबदल केली. जनरेटर धडधडला, त्याने लाइन वर सोडली. पॅनलवर लाल दिवा लागला. मशीन जागचं हललं नाही.

ताईंनी त्या दिव्याकडे बोट केलं. "असंच बंद राहतं? मग त्या दिवशी कसं चाललं?"

मी खिशातली वायर काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फेब्रुवारीचं आणि फोनचंही.

त्यांचा चेहरा लाल झाला. "आठ दिवस तो माझ्या शिव्या खातोय, रहीमभाई. आन् तुमी गप बसलात?"

"बसलो, ताई."

"उद्याचं लग्न झालं की परत या गच्चीवर चढायचं न्हाई." मग कठड्यापाशी जाऊन त्या ओरडल्या, "सुग्रीव! उद्या सकाळी सातला ये. लवकर ये!"

मीही कठड्यापाशी गेलो. जनरेटर बंद झाला. सुग्रीव वायरी सरळ करत बसला, एकेक ओढून बघत. मग त्याने मान वर केली. डोळे ओले होते आणि त्यात रागही होता.

"भाई, वायरी जोडल्यात. येऊन बघता का एकदा?"

मी टेस्टर उचलला आणि जिना उतरलो.