चेंबरच्या आत कोरलेलं

लोक गाडीचे काय हाल करतात ते बघून माझं डोकं फिरतं. मागे घेतलेली गाडी अजून सरकतेय, आणि हे महाशय दांडा खस्सकन ओढून डीवर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर, आणतात. गाडी थांबायच्या आत पार्किंगमध्ये टाकतात. काही बोलायला जावं तर वर आम्हालाच ऐकवतात, "ऑटोमॅटिक आहे ना, तिचं ती बघेल." कपाळ माझं! ऑटोमॅटिक म्हणजे क्लच तुमच्या पायाखाली नाही, एवढंच. आत क्लचच्या प्लेटा आहेतच. त्या जळतात, आणि मग तुम्ही माझ्या दारात येऊन रडता.

हे सुनावणं मी बाबांकडून उचललं. बाबा गिअरबॉक्सचे कारागीर, लोक त्यांना मास्तर म्हणायचे. चढाच्या माथ्यावर आमचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. त्यांची एक पद्धत होती. गिअरबॉक्स दुरुस्त करून बंद करताना खालच्या झाकणाच्या, म्हणजे चेंबरच्या, आतल्या बाजूला ते टोच्याने तारीख कोरायचे आणि पुढे बिघाडाचं कारण एका शब्दात. 'पाणी'. 'ओझं'. 'घाई'. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळावं म्हणून. "गिऱ्हाइकाला सांगताना थोडं सांभाळून घे," ते मला म्हणायचे, "पण चेंबरमध्ये खरं लिहायचं."

आमच्या घरची निळी गाडी ऑटोमॅटिक होती. ती मुख्यतः आई चालवायची. आई पडदे शिवायची. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, मागच्या सीटवर कापडाचे तागे, आणि तोंडात टाचण्या धरून गुणगुणत गाडी हाकायची. गल्ली अरुंद, त्यामुळे रोज सकाळी आधी मागे घ्यायची आणि मग पुढे. मी शेजारी. दरवेळी ती ब्रेक दाबून मला विचारायची, "थांबली ना गं गाडी?" मी खिडकीतून चाकाकडे बघून सांगायची, "थांबली." मग ती डी टाकायची. आमचा तो खेळच होता.

रविवार मात्र बाबांचा. रविवारी आम्ही तिघं बाजाराला उतरायचो. उतार लांबलचक, सरळ. माथ्यावर पोचलं की मी मागून ओरडायची, "बाबा, उडवा!" बाबा आरशातून हसायचे आणि दांडा न्यूट्रलला ढकलायचे. इंजिन एकदम गप्प. नुसता वारा आणि चाकांची सळसळ. आई म्हणायची, "अहो, जरा हळू!" आणि स्वतःच हसत सुटायची. तळाशी पोचल्यावर बाबा त्याच वेगात दांडा परत डीवर आणायचे, गाडीला हिसका बसायचा, आणि मी टाळ्या पिटायची. पेट्रोलही वाचतं, असं बाबा म्हणायचे. माझ्या लहानपणातलं सगळ्यात सुखाचं काही विचाराल तर मी अजूनही तो उतारच सांगेन.

मी नऊ वर्षांची असताना गाडीने दगा दिला. इंजिन गुरगुरतंय आणि गाडी जागची हलेना. बाबांनी गिअरबॉक्स उघडला तर प्लेटा काळ्याठिक्कर, तेलाला करपलेला वास. ते बराच वेळ प्लेट हातात फिरवत राहिले. मग मला जवळ घेऊन विचारलं, "खरं सांग हं. आई मागे घेताना गाडी पूर्ण थांबवते का?"

आणि मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? कारण माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आईने चालवणं सोडलं तर रोज बाबा चालवतील, आणि रोज उडायला मिळेल. नऊ वर्षांच्या पोरीची अक्कल ती.

घरात भांडण असं झालं नाही. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "मी लोकांना बोलतो, आणि माझ्याच घरात हे." आई म्हणाली, "मी थांबवते हो. हिला विचारा ना!" दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. आईने किल्ली खिळ्याला लावली, ती पुन्हा कधी काढली नाही. घरोघर जाणं बंद झालं. लोक दाराशी येतील तेवढीच कामं. पुढे पडदे गेले, उसवलेल्या बाह्या आणि चेन बदलणं एवढंच उरलं. आईचं गुणगुणणंही तिथेच थांबलं. उडायचं म्हणाल तर तेही संपलं. आईविना उतारावर मजा येईना, आणि मी "उडवा" म्हणायची बंद झाले. बाबा मात्र सवयीने न्यूट्रल टाकतच राहिले.

बाबांना जाऊन आता आठ महिने झाले. गॅरेज मीच चालवते. गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "ती निळी विकून टाक. उगाच जागा अडवतेय."

"तिचा गिअरबॉक्स घसरतोय. आधी बघते."

"बघ. मला काय त्याचं?"

मी गाडी वर घेतली, चेंबर खोललं, तेल पुसलं. आत बाबांचं अक्षर. पहिली तारीख माझ्या नवव्या वर्षाची, पुढे 'घाई'. त्याखाली पाच वर्षांनंतरची दुसरी तारीख, पुढे 'उतार'. आणि वरच्या 'घाई'वर टोच्याची खोल, दोनदा ओढलेली रेघ. तिच्या शेजारी पुन्हा तेच कोरलेलं, 'उतार'.

मी तारखा बोटांवर मोजल्या. त्या पाच वर्षांत आईने गाडीला हात लावला नव्हता, तरी प्लेटा तशाच जळाल्या होत्या. मग बाबांना कळणारच. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद, आत तेल पुरेसं फिरत नाही, आणि भर वेगात डी टाकला की प्लेटा घासून करपतात. गिऱ्हाइकांना हे हजारदा सांगणारा माणूस! चेंबरमध्ये त्याने खरं लिहिलं. घरात तोंड उघडलं नाही. राग आला मला, भयंकर आला. पण रागवायचा अधिकार मला कुठे होता? "उडवा" मीच म्हणायची, आणि "नाही"ही मीच म्हणाले होते.

चेंबर फडक्यात गुंडाळून मी घरात नेलं आणि आईच्या शिलाई मशीनवर ठेवलं. तिने चष्मा लावला. दोनदा वाचलं. मी समजावून सांगायला लागले तशी म्हणाली, "मास्तरची बायको आहे मी. कळतंय मला."

मग खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवत राहिली. "एवढी रेघ ओढायला जमली," ती म्हणाली, "एकदा मला सांगायला जीभ झडली असती का रे तुझी?" हे बाबांना होतं. डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "किती दिवसांत चालू होईल?"

"चार. का? विकायची ना?"

ती उठली, कपाटातल्या साड्यांखालून लायसन्स काढलं. वेळोवेळी नवं करून घेतलेलं, आजही चालू. गाडी सोडली होती बाईने, लायसन्स नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आई चाकामागे बसली. मी शेजारी. सीट पुढे घेतली, आरसा वळवला. गाडी हळूहळू गल्लीत मागे घेतली. ब्रेक दाबला. आणि एकतीस वर्षं मध्ये गेलीच नसल्यासारखं विचारलं, "थांबली ना गं गाडी?"

"थांबली," मी म्हणाले. "तेव्हाही थांबायची, आई. रोज थांबायची. मी बाबांना खोटं सांगितलं. उतारावर उडायचं होतं मला."

आईने ब्रेकवरचा पाय काढला नाही. समोर बघतच म्हणाली, "उतर."

"आई..."

"उतर म्हणते ना. एक फेरी मला एकटीला मारू दे."

मी उतरले. दार लावलं. तिने दांडा डीवर आणला, जराही हिसका बसला नाही. गाडी माथ्यापर्यंत गेली आणि उताराला लागून दिसेनाशी झाली. मी फाटकाशी उभी राहून कान देऊन ऐकत होते. इंजिन कुठेच गप्प झालं नाही, त्याचा आवाज पार तळापर्यंत येत राहिला.