दोन बोटं लांब कार्ड

कॉम्प्युटर तयार विकत घ्यायचा नाही, सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडायचा, असं बारकीने जेवताना जाहीर केलं तेव्हा मेस्त्रींचा घास घशातच अडकला. जन्मभर लोकांची दारं, खिडक्या, कपाटं जोडत आलेला हा सुतार. पण कॉम्प्युटरसुद्धा कपाटासारखा जोडता येतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आणि हे सगळं कशासाठी? गेम खेळायला?" पाण्याचा घोट घेऊन त्यांनी विचारलं.

"खेळायला नाही बाबा, खेळून कमवायला."

आईने कपाळाला हात लावला. थोरल्याला सतरा वेळा सांगूनही अभ्यासाला बसवता आलं नव्हतं, तो निदान ट्रक तरी चालवत होता. आता धाकटी म्हणते, मी खेळून पोट भरीन. ऐकावं ते नवलच!

पण पोरीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या एका संघाला नवे खेळाडू हवे होते. घरूनच खेळायचं, निवड झाली तर दरमहा मानधन. निवडचाचणी शनिवारी. इतके दिवस बारकी मैत्रिणीच्या मशीनवर खेळायची. मैत्रिणीचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर मशीनही सासरी गेलं. मेस्त्रींनी विचार करून एक अट घातली. शनिवारी घेतलं तर घेतलं. नाही घेतलं, तर सोमवारपासून आत्याच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. आत्याला कळायचा अवकाश, तिने बारकीसाठी नवं स्टूलसुद्धा आणून ठेवलं.

"एकदा त्या स्टुलावर बसले की तिथेच माझे केस पांढरे होणार," बारकी आईला म्हणाली. आई नणंदेला ओळखून होती.

पैसे बारकीचेच होते, खेळणी भरायच्या गोदामात उभं राहून साठवलेले. तरी दुकानात मेस्त्री सोबत गेले. म्हटलं, पोरगी एकटी, दुकानदार टोपी घालायचा. तिथे उलटंच झालं. दुकानदार लाल-निळे दिवे लागणारी मेमरी दाखवू लागला, तर बारकी म्हणाली, "दिवे घरात आहेत. बिनदिव्यांची काढा." प्रोसेसर तिने मागच्या वर्षीचा घेतला, म्हणाली, नव्यात आणि यात उन्नीस-बीसचा फरक आहे. मदरबोर्ड साधाच. पण वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, तो मात्र तिने चांगल्यातला मागितला.

"अगं, साधा डबा तो. तिथे हात आखडता घे ना," मेस्त्री न राहवून म्हणाले.

"बाबा, तुम्ही पाया कच्चा ठेवून वर कपाट उभं कराल? हा बिघडला तर जाताना बाकीच्यांना घेऊन जाईल."

मेस्त्री चाट पडले. ही पोरगी घरात दोन वाक्यं धड बोलत नाही आणि इथे दुकानदाराला गप्प करते! फळी घेताना ते स्वतः जशी वाजवून, उलटीपालटी करून घेत, तशीच ती एकेक वस्तू पारखत होती. त्यांचा ऊर भरून आला, पण तोंडावर कौतुक करायची सवय नव्हती. ते खोकले फक्त.

शेवटी पैसे कमी पडले ते पेटीला. सगळे भाग ज्यात बसवायचे ती पत्र्याची पेटी घेतली तर ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागणार, आणि खेळात सगळी मदार त्या कार्डावर. मेस्त्रींना हेच हवं होतं.

"पेटी मी करतो," ते म्हणाले. "सुताराच्या घरात पत्र्याची पेटी? लोक तोंडात शेण घालतील."

मग त्यांनी जी पेटी केली, तिला तोड नव्हती. खास कामासाठी जपून ठेवलेली फळी काढली. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. कोपऱ्यांचे सांधे असे की नख शिरणार नाही. बारकीने दिलेल्या मापाबरहुकूम आत बोर्डाची जागा, कार्डाची जागा. दोन बाजू डिंक भरून कायमच्या बंद, वरचं झाकण उघडणारं. शेजारपाजारचे बघून गेले. आईसुद्धा म्हणाली, "माझ्या लग्नातल्या कपाटाला नाही एवढी मेहनत घेतलीत."

गुरुवारी दुपारी बारकी नाचतच घरात आली. दुकानात बोलून ठेवलेलं दोन पंख्यांचं कार्ड तिने घेतलंच नव्हतं. एकाने नवं कार्ड घेतलं म्हणून आपलं जुनं विकायला काढलं होतं. तीन पंख्यांचं, कितीतरी दमदार, आणि त्याच पैशांत. घासाघीस करून, समोर चालवून बघून तिने ते आणलं होतं. पैशांचा तळ गाठला होता, पण चेहरा असा फुललेला की मेस्त्री बघतच राहिले.

"बाबा, माझी पाळी आहे गोदामात. तुम्ही एवढं पेटीत बसवून ठेवा, तारा मी आल्यावर जोडते," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

पहिल्यांदाच पोरीने आपलं काम त्यांच्या हातात दिलं होतं. मेस्त्रींनी हात धुतले, चष्मा पुसला आणि कार्ड पेटीत उतरवलं. ते बसेना. तिरकं करून बघितलं, उलटं करून बघितलं. कार्ड दोन बोटं लांब होतं.

आता सुताराला हे काय नवीन? दार चौकटीत बसेना म्हणून कधी कोणी भिंत पाडत नाही. दार काढतात, रंधा मारतात, बसवतात. मेस्त्रींनी कार्ड उजेडात धरून नीट पाहिलं. बारीक भाग बसवलेली हिरवी पट्टी अलीकडेच संपत होती. पलीकडे नुसतं काळं प्लास्टिक, पातळ पत्र्याच्या पाकळ्या आणि एक पंखा. दोन पंखे तर आहेतच की! त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, लोखंड कापायची बारीक करवत घेतली आणि अगदी हळुवार, लेकराचे केस कापावेत तसं, ते टोक कापून काढलं. तुटलेल्या पंख्याच्या वायरींना टेप लावली. कडा घासल्या. कार्ड पेटीत अस्सं चपखल बसलं की त्यांनी स्वतःशीच मान डोलावली.

बारकी आली तेव्हा ते दारातच उभे होते.

"बसलं बघ! जरासं लांब होतं, घेतलं कापून."

"काय कापून?"

"कार्ड."

बारकी हसली. बाबा कधी नव्हे ते थट्टा करतायत असंच तिला वाटलं. मग तिची नजर टेबलावर गेली. तिथे पंख्याचा तुकडा होता, त्याच्या भोवती काळा चुरा. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती रडली नाही, ओरडली नाही. पांढरीफटक पडली आणि मटकन खाली बसली.

"अगं बाई, काय झालं?" आई धावत आली. तुकडा बघून तिला काही कळलं नाही, पण पोरीचं तोंड बघून सगळं कळलं. "अहो, काय करून बसलात हे?"

मेस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही वस्तू बिघडली नव्हती, असा त्यांचा समज होता. ते चाचरत म्हणाले, "बसत नव्हतं गं... हिरवं काही कापलं नाही मी. बघून कापलं."

"पेटी कापायची ना!" बारकीचा आवाज फाटला. "पेटीला भोक पाडलं असतं, दोन बोटं बाहेर राहिलं असतं, काय बिघडलं असतं?"

"पेटी कशी कापणार? तिचे सांधे बघ. तो कोपरा धरायला मला दोन दिवस..."

बोलता बोलता ते थांबले. पण तोवर बारकी उठून उभी राहिली होती.

"पेटी तुमची होती म्हणून वाचली," ती म्हणाली. "कार्ड माझं होतं. तुमच्यात बसत नसलं की तुम्ही माझंच कापता बाबा. आताच नाही, नेहमी. आत्याचं स्टूलसुद्धा तेच आहे."

मेस्त्रींना कोणी कानफटात मारली असती तर एवढं लागलं नसतं. त्यांना ओरडायचं होतं, बापाशी असं बोलतात का, असं विचारायचं होतं. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. कार्ड बसेना तेव्हा पेटीला हात लावायचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

बारकीने डोळे पुसले आणि तारा जोडायला घेतल्या. दुसरं करण्यासारखं होतंच काय? कार्डाला पैसे नव्हते, शनिवार परवावर आला होता. आईने देवाचं नाव घेतलं. बटण दाबलं, आणि पडदा उजळला. तिघांचाही जीव भांड्यात पडला. बारकीने खेळ लावला. कार्ड चालत होतं, छान चालत होतं. पण कोपऱ्यातला तापमानाचा आकडा भराभर चढू लागला. पेटीची भिंत गरम झाली, डिंकाचा वास सुटला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"गुदमरतंय," बारकी हताश होऊन म्हणाली. "एक पंखा गेला, आणि उरलेल्या दोघांच्या तोंडासमोर तुमची बंद भिंत. हवा येणार कुठून? उघडं ठेवावं तर घरभर तुमचा भुसा."

मेस्त्री उठले. आईला वाटलं, रागावून बाहेर चालले. ते करवत आणि पेन्सिल घेऊन परत आले. त्यांनी पेटीतले भाग बारकीला काढायला लावले, पेटी टेबलावर आडवी केली, डिंक भरून बंद केलेली बाजू वर आणली आणि पेन्सिल बारकीपुढे धरली.

"खूण तू कर."

बारकी बघतच राहिली. हाताखालच्या माणसांनाच काय, स्वतःच्या सख्ख्या भावालासुद्धा त्यांनी कधी रेघ मारू दिली नव्हती. मापाची रेघ मेस्त्रींचीच, हा घरातला कायदा होता.

"मी केली तर मोठी होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. तुला पाहिजे तेवढी कर." त्यांनी करवत उचलली. "आणि शनिवारी तुला घेतलं नाही, तरी त्या स्टुलावर बसायचं नाहीस. आत्याशी मी बोलतो. पुढची चाचणी असेल तिला जा, त्याच्या पुढची असेल तिला जा."

"बाबा, मला घेतलंच नाही कुणी तर?"

"तर नाही घेतलं. पण तुझं काही मी कापणार नाही."

आई तोंड फिरवून मच्छरदाणीचा तुकडा शोधायला गेली, भोकाला लावायला. जाताना तिने पदराने नाक पुसलं.

बारकीने पेन्सिल घेतली. सुरुवातीला रेघ बेताने निघाली. मग तिने बापाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि रेघ सरळ पुढे नेली. भिंत ओलांडून थेट त्या कोपऱ्यावर, दोन दिवस खपून धरलेल्या सांध्याच्या मधोमध. मेस्त्रींनी ओठ दातांखाली धरला, फळीवर गुडघा टेकवला आणि तिच्या रेघेवर करवत लावली.