भोंगाशेठचे दोन शब्द

भाजीबाजारात लिलाव पुकारायचे तेव्हा भोंगाशेठच्या तोंडाचा पट्टा ऐकायला माणसं वाट वाकडी करून यायची. समोरचा हो-नाही म्हणेपर्यंत कोबीचा ढीग त्याच्या गळ्यात पडलेला असायचा. मग मेंदूला झटका आला. हात-पाय सावरले, वाचा तेवढी बसली. डोक्यात सगळं लख्ख, पण दाराशी आलं की शब्दांची चेंगराचेंगरी. "प... प..." म्हणेपर्यंत बायको पाणी, पेपर आणि पायमोजे तिन्ही आणून ठेवायची. प्रेमळ बाई हो! पण झटक्यानंतर नवऱ्याचं एक वाक्य तिने पुरं होऊ दिलं असेल तर शपथ.

अशात हॉस्पिटलचं बोलावणं आलं. वाचा गेलेल्यांसाठी नव्या उपचाराची चाचणी घ्यायची होती, आणि हल्ली म्हणे समितीत एखादा पेशंट बसवल्याशिवाय चाचणीला परवानगीच मिळत नाही. चाचणी कशी होणार ते बायकोने वाचून दाखवलं. उपचाराचा गुण आला की नाही, हे दर महिन्याला पेशंटच्या घरच्यांना फोन करून विचारणार होते.

भोंगाशेठ तापले. घरच्यांना? म्हणजे हिला? ही बया डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून "खूपच फरक पडलाय हो" असं ठोकून देणार, आणि तो बिनकामाचा उपचार उद्या त्यांच्यासारख्या हजारोंच्या माथी मारला जाणार! आपण मुके झालो, मेलो नाही. त्यांनी दोनच शब्द ठरवले : मला विचारा. आठवडाभर दाढी करताना आरशासमोर घोकले. हनुवटी चार ठिकाणी कापली, पण शब्द बसले.

मीटिंगच्या खोलीत त्यांच्यापुढे पाटी होती, 'रुग्णांचा आवाज'. वाचा गेलेल्या माणसापुढे! भोंगाशेठना हसावं की रडावं कळेना. शेजारी बायको, समोर डॉक्टर मंडळी, मध्यभागी अध्यक्षबाई.

"रुग्णाला विचारल्याशिवाय आम्ही पाऊलसुद्धा उचलत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "काका, दोन शब्द बोला."

भोंगाशेठ उठले. "म... म..."

"मनापासून आभार, असंच ना? अहो, आभार तर आम्ही मानायचे!" टाळ्या पडल्या.

"म... ला..."

"मलाही हेच वाटतं," एका डॉक्टरांनी मान डोलावली. "पेशंटचा पाठिंबा असला की हुरूप येतो."

"म... ला... व..."

"बाथरूमला जायचंय का?" बायको कानाशी कुजबुजली. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

भोंगाशेठचं डोकं फिरलं. आता झटका आलेल्या माणसाची गंमत अशी, की पाढे आणि शिव्या यांचा कप्पा निराळा असतो. तिथला माल कधी कधी आपोआप बाहेर पडतो. बाजारात वर्षानुवर्षं घासलेलं वाक्य तोफेसारखं सुटलं, "ए गाढवांनो, गप बसा की जरा!"

मग अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. "ऐकलंत? काय स्वच्छ उच्चार! लिहून घ्या, रुग्णाने चर्चेत मोकळेपणाने भाग घेतला." पुन्हा टाळ्या.

मग ठराव आला. घरच्यांना फोन करून विचारायचं, कुणाची हरकत? भोंगाशेठनी हात वर केला, चांगला उंच, पंजा पसरून.

"काकांना चहा द्या रे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ठराव एकमताने मंजूर."

चहा आला, वर बिस्किटंही आली. भोंगाशेठना त्या कपात जीव द्यावासा वाटला. एवढ्यात अध्यक्षबाई बायकोकडे वळल्या. "काकू, आजच्या मीटिंगमध्ये काकांना कसं वाटलं?"

"खूप छा..." बायकोने सुरुवात केली, आणि भोंगाशेठनी तिच्या तोंडावर हात दाबला. कप लवंडला, चहा कागदांवर सांडला, कुणीतरी "अहो अहो" केलं. त्यांनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने टेबलावर अशी थाप मारली की सगळे जागच्या जागी थिजले. वाक्य पुरं करायला आता कुणीच उरलं नव्हतं. त्यांना हवा तेवढा वेळ त्यांनी घेतला.

"म... ला... वि... चा... रा."

मग श्वास घेऊन एकदम, न अडखळता, "मला विचारा."

झालं! कपाळावरून घाम निथळत होता आणि आनंदाने त्यांना अक्षरशः रडू येत होतं. ती शिवी सोडली तर झटक्यानंतर चारचौघांत बोललेलं पहिलं पुरं वाक्य, आणि तेही त्यांचं स्वतःचं. त्यांनी बायकोच्या तोंडावरचा हात अलगद काढला. तिचेही डोळे भरले होते.

अध्यक्षबाई कौतुकाने हसल्या, किंचित पुढे झुकल्या आणि तिला म्हणाल्या, "काकू, काय म्हणतायत काका?"