कारणासकट

कार्डाचा कोपरा दुमडलेला होता, आणि त्यावरचं लाल 'कारण?' तिच्याच हातचं होतं, याबद्दल वाद नव्हता. प्रश्नचिन्हाखालचा ठिपका ती असाच दाबून देते, पाठीमागे उमटेपर्यंत. वाद होता तो वरच्या निळ्या ओळीबद्दल. 'हे पुस्तक मला फार आवडलं. सगळ्यांनी वाचावं.' ओळ डावीकडून निघून उजवीकडे वर चढत गेलेली — आणि ही चढण ती ओळखत होती. स्वतःची मुलगी पहिलीत होती तेव्हापासून ती सरळ करण्यासाठी तिने वहीवर पट्टी धरली होती, रागावली होती, शेवटी नाद सोडला होता. मग महिन्यापूर्वी हेच कार्ड हातात असताना ही चढण कशी दिसली नाही?

घाई असेल. घाई असतेच. वाचनालयातल्या बालविभागाची ती ग्रंथपाल, आणि तिथली ही पद्धत तिनेच पाडलेली : पुस्तक वाचून झालं की मुलांनी दुसऱ्यांसाठी शिफारस लिहून ते कार्ड पुस्तकामागच्या खिशात ठेवायचं. नाव घालायचं नाही, म्हणजे पोरं मोकळेपणाने लिहितात; आणि कोणी लिहिलं ते शोधायचं नाही, हा नियम तिचा स्वतःचा. नुसतं 'आवडलं' चालत नाही. तसं कार्ड दिसलं की लाल पेनाने 'कारण?' लिहायचं आणि परत खिशात सारायचं. कारण असलेली कार्डं शुक्रवारी दारातल्या फळ्यावर लागतात. मुलं पाठीमागे तिला 'कारणबाई' म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. लाल शेरा वाचून उत्तर द्यायला सहसा कोणी परत येत नाही.

ही आली होती. लाल शेऱ्याखाली, तशाच चढत्या ओळीत, लिहिलं होतं : 'कारण यातली आई प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.'

 तिने कार्ड पालथं घातलं, पुन्हा उलटलं. कोणाचंही असू शकेल... चढत्या ओळी काय एकट्या माझ्याच मुलीच्या असतात? पण निळी शाई, तीही थोडी फुटलेली. ते पेन आपणच घेऊन दिलं, आणि दुकानात तिला हिरवं हवं का हे विचारून, ती तोंड उघडायच्या आत, निळंच बरं म्हणून पैसे देऊन मोकळे झालो.

"बाई, हे भारी आहे," टेबलापलीकडून आवाज आला. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी पुस्तक परत करायला आली होती. "पण कुत्रा मरतो. तेवढं सगळ्यांना आधी सांगून ठेवा."

"कार्डावर लिही. कारणासकट. आणि आता कुठलं देऊ? प्राण्यांचंच ना? हे घे, आवडेल तुला."

चिमुरडीने पुस्तक घेतलं, कव्हराकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि गेली. ग्रंथपाल तिच्या पाठीवरच्या दप्तराकडे बघत राहिली. आत्ता, या क्षणी, कार्ड हातात असताना पुन्हा तेच...

आणि मग ते दार आठवलं, स्वयंपाकघराचं. दहा वर्षांची मुलगी चौकटीला टेकून. "आई, एक सांगू?" — "सांग ना. परीक्षेचं का? की मैत्रिणीशी वाजलं? वाजलंच असेल. उद्या आपणहून बोल, मिटून जाईल." मुलगी "हं" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी किती हलकं वाटलं होतं, एक प्रश्न हातावेगळा केल्यासारखं. पाच वर्षं झाली. ती काय सांगायला आली होती, ते अजून माहीत नाही. माहीत नाही हेसुद्धा आजच कळलं.

साडेचार. आज शुक्रवार. टाचण्यांची डबी पुढ्यात होती. पाच वाजता मुलगी घराची किल्ली न्यायला येईल, आणि येताना फळा वाचेल, रोज वाचते. कार्ड लावलं तर तिला वाटेल, आईने याही वेळी ओळखलं नाही. नाही लावलं तर तिला कळेल, आईने ओळखलं आणि लपवलं. ती उठली, फळ्यापर्यंत गेली, एक टाचणी काढली, परत आली. कार्ड ज्यातलं होतं ते पुस्तक चाळलं. इतकी वर्षं तिने त्यावर शिक्के मारले होते, वाचलं मात्र नव्हतं. पहिल्या पानावरची एक ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. मी वाईट आई नाही, ती मनाशी म्हणाली. आणि लगेच वाटलं, हेही आपणच विचारलं आणि आपणच उत्तर दिलं.

"किल्ली," मुलगी म्हणाली.

ती कधी आली ते कळलंच नाही. कार्ड अजून हातातच होतं. मुलीने ते पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"एकदा तू काहीतरी सांगायला आली होतीस. स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, मी भलतंच बोलत बसले. काय सांगायचं होतं गं?"

 मुलगी दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागली.

विसरली असशील. काही विशेष नसेल. जाऊ दे, घरी बोलू. तिन्ही उत्तरं जिभेच्या टोकाशी तयार उभी होती, आणि ती एकेक करून तिने गिळली. चौथं सुचेना. किती वेळ थांबायचं असतं? पट्टा बोटावरून सुटला, पुन्हा गुंडाळला गेला. समोर उभ्या असलेल्या या मुलीच्या मनात काय आहे ते आपल्याला खरोखर माहीत नाही, हे तिला धडधडीत दिसत होतं, भीती वाटत होती, आणि तरीही ती तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिली.